सर्व्हरची पत्रिका

"माझं ऐकायचंच नसेल तर मला विचारता कशाला?" सुलक्षणा तावडे शुक्रवारी दुपारी कडाडली, आणि काय चुकीचं बोलली? मुलुंडच्या परब वधू-वर सूचक केंद्रातले कॉम्प्युटर ती एकटी सांभाळायची. बाकीचे चहा प्यायचे आणि मतं द्यायचे.

रविवारच्या मेळाव्याआधी सगळ्या मुलांच्या पत्रिका सगळ्या मुलींच्या पत्रिकांशी जुळवायच्या, हे काम केंद्राचा जुना सर्व्हर शनिवारभर कण्हत-कुंथत करायचा. तापला की बंद पडायचा. मग सुलक्षणानं त्याच्यावर टेबलफॅन सोडायचा आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसं बसून राहायचं. तिकडे विक्रोळीला तिच्या प्रांजलचा कथ्थकचा क्लास नेमका शनिवारी. सगळ्या पोरींच्या आया येतात, हिचा मात्र बाप येतो आणि तोडे संपायच्या आधीच टाळ्या वाजवतो. लेकीनं परवा सरळ विचारलं, "आई, तू कधी बघणार?" त्या दिवशी सुलक्षणानं ठरवलं, आता नवा सर्व्हर आणायचाच.

केंद्राचे मालक भाऊ परब महिनाभर हो-नाही करत होते. शेवटी कसेबसे तयार झाले. विक्रेत्यानं शुक्रवारी तपासून बघायला सोमवारपर्यंत दोन मशीन पाठवली. दोन्हींतला फरक एवढाच, की आतला प्रोसेसर वेगळा होता.

"नीट ऐका," सुलक्षणा म्हणाली. "एक नंबरमध्ये चौसष्ट कोर आहेत. म्हणजे चौसष्ट बायका पोळ्या लाटायला बसल्यात असं समजा. हात जरा सावकाश. दोन नंबरमध्ये सोळाच बायका, पण हात झपाझप. आणि किंमत जवळजवळ दुप्पट."

"जेवायला किती माणसं?" भाऊंनी विचारलं.

"अख्खं मुलुंड."

"मग चौसष्ट बऱ्या."

"भावोजी, असं कसं?" राजेश मध्ये पडला. राजेश म्हणजे भाऊंचा मेहुणा. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण विक्रेत्याशी दोस्ती होती. "महाग आहे म्हणजे काहीतरी असणारच ना! स्वस्त घेतलं आणि वाट लागली तर?"

"म्हणूनच दोन्हीकडे एकच काम देऊन बघू," सुलक्षणा म्हणाली. "कुठलं आधी संपवतं ते कळेल."

तिनं सगळ्या स्थळांची माहिती दोन्ही मशीनवर उतरवली. मशीनचा पुरता घाम निघावा म्हणून सगळ्या चाळण्या काढून टाकल्या. शिक्षण बघू नका, उंची बघू नका, घराणं बघू नका, कितीही गुण जुळोत, प्रत्येक मुलगा प्रत्येक मुलीशी लावा! कुठला निकाल कोणाचा हे कळावं म्हणून वर 'यंत्र क्रमांक एक' आणि 'यंत्र क्रमांक दोन' असं छापायची सोय केली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दोन्ही मशीनच्या इंटरनेटच्या वायरी काढून ठेवल्या. कारण जोडी जुळली की दोन्ही घरी आपोआप मेसेज जायचा. हे तिनं सगळ्यांना सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. दोनदा सांगितलं! आणि दोन्ही मशीन चालू करून ती डबा खायला गेली.

तेवढ्यात राजेशचं लक्ष दोन नंबरकडे गेलं. त्याची वायर बाजूला पडली होती.

"हे बघा भावोजी! मुद्दाम आपल्या मशीनची वायर काढलीय. असं कुठलं जिंकणार?"

त्यानं वायर खोचली. भाऊ न्यायाचे पक्के. ते म्हणाले, "मग एक नंबरचीपण लाव. भेदभाव नको."

डब्यातली भाजी संपायच्या आत सुलक्षणाचा फोन वाजला. घाटकोपरच्या रुक्मिणी राणे होत्या. रागाच्या भरात बाई सरळ मालवणीवर आल्या होत्या.

"माझ्या झिलाक माझाच चेडू दाखयतास? सख्ख्या भावाक बहीण? लाज नाय तुमका?"

"काकू, काहीतरी चुकलं असेल..."

"चुकला? एकतीस गुण जुळतत म्हणून लिवलास वर! आणि ह्या 'यंत्र क्रमांक एक' काय असा?"

सुलक्षणा डबा टाकून धावली. दोन्ही वायरी तिनं उपटल्या, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. केंद्रातले सगळे फोन एकदम वाजत होते. एका पोरीला पस्तीस मुलं सुचवली होती. बोरिवलीच्या एका आईला तिच्या लेकासाठी सख्खी पुतणी आली होती. एक गृहस्थ म्हणाले, मुलाचं लग्न होऊन त्याला जुळं झालंय आणि सूनबाईनं तो मेसेज वाचलाय, आता तुम्हीच घरी येऊन समजूत काढा.

"कोणी लावल्या वायरी?" सुलक्षणानं विचारलं. राजेश छताकडे बघू लागला.

भाऊंनी मात्र शांतपणे कागद घेतला, मधे रेघ मारली आणि फोन उचलू लागले. "हां, बोला. नालायक? बरं. पण मेसेज एक नंबरचा होता की दोन नंबरचा?"

"भाऊ! काय करताय हे?"

"तुझीच तपासणी पुरी करतोय गो."

संध्याकाळपर्यंत एक नंबरच्या शिव्या दोन नंबरच्या तिप्पट भरल्या. राजेश हार मानेना. "भावोजी, नुसता आकडा काय बघता? क्वालिटी बघा! दोन नंबरवाले कसे सभ्य भाषेत बोलले."

"त्या मशीननं मेसेजच कमी पाठवले रे! आणि किंमत दुप्पट!" सुलक्षणा ओरडली. राग होताच, पण आतून तिला बरंही वाटत होतं. तिचं म्हणणं अख्ख्या मुंबईनं शिव्या देऊन सिद्ध केलं होतं. भाऊंनीही मान डोलावली. "एक नंबर घेऊ. मेळावा होऊ दे, सोमवारी ऑर्डर."

शनिवार सगळा माफी मागण्यात गेला. तरी तिनं नवऱ्याला, निलेशला, फोन करून सांगून टाकलं, "पुढच्या शनिवारी प्रांजलला मी नेणार. तू घरी बस."

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी जेमतेम चार रांगा भरायच्या. आज जो तो भांडायला आला होता, आणि पुरावा म्हणून मुलामुलींना बरोबर घेऊन आला होता. रुक्मिणीकाकूंनी झील आणि चेडू दोघांनाही हाताला धरून आणलं होतं. "बघा, एक नाक, एक डोळे! मशीनला दिसत नाही?" हे त्या भाऊंना ऐकवणार होत्या, पण भाऊंपर्यंत पोचायला ही मोठी रांग. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बोरिवलीच्या आईला ऐकवलं. तिनं पुतणीची हकिगत सांगितली. दोघी मिळून भाऊंच्या नावानं बोल बोल बोलल्या. बोलून घसा सुकला तेव्हा एकीनं विचारलं, "हा तुमचा मुलगा का? करतो काय?" दुसरी म्हणाली, "मुलगी गोड आहे हो तुमची."

अशा गाठी हॉलभर पडत होत्या. खुर्च्या कमी पडल्या, चहा दोनदा मागवावा लागला. दुपारपर्यंत पत्रिका कोणी विचारली नाही, आणि जाताना लोक भाऊंना शिव्या द्यायच्या विसरून लग्नाच्या बैठकीची तारीख सांगून गेले.

सोमवारी सुलक्षणा लवकर आली. दोन्ही मशीन खोक्यात बांधून दाराशी ठेवली होती, आणि खाली टेम्पोतून खुर्च्या उतरत होत्या.

"हे काय? एक नंबर परत का चाललंय?"

"अगो, नवीन मशीन कशाला?" भाऊ खुशीत होते. "नीट जुळवून दिलं तर माणसं घरी बसून नाकं मुरडतात. चिडली की येतात. तू दर शनिवारी तसेच मेसेज सोडत जा. आपल्या जुन्यावरच सोड, सावकाश जाऊ देत. तू बसतेसच ना?"

सुलक्षणाच्या डोळ्यांसमोर टाळ्या वाजवणारा निलेश आला. कोपऱ्यात जुना सर्व्हर कण्हत होता. मग मात्र तिचा तोल सुटला.

"भाऊ, एक जोडी मी आत्ता मशीनशिवाय जुळवून दाखवते! तुम्ही आणि हा जुना खटारा! दोघं कोणाचं ऐकत नाही, दोघं ऐन कामाच्या वेळी तापता आणि दोघांपायी माझा प्रत्येक शनिवार फुकट जातो. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळतात!"

राजेशनं चहाचा कप खाली ठेवला. भाऊंनी एकवार सर्व्हरकडे पाहिलं, विचार केला, आणि टेबलफॅन उचलून सुलक्षणाच्या हातात दिला.

"मग झालं तर. जुळलेलं कशाला मोडायचं?"