तलवारीच्या बदल्यात तीन पांघरुणं

जगप्रसिद्ध तलवार गायब झाल्याचं शनिवारी दुपारी लक्षात आलं, तेव्हा मावशी सोफ्याच्या कडेला बसून मटार सोलत होती.

"ही आपलीच पेटी आहे ना?" टीव्हीकडे बघत शेजारच्या दंतवैद्यानं विचारलं. "इतकी नीट?"

टीव्हीवर बर्फाळ डोंगर होता, डोंगराच्या पायथ्याशी तंबू आणि तंबूत लाकडी पेटी. कालपर्यंत त्या पेटीत चिलखतं, बाण, औषधाच्या बाटल्या आणि मेलेल्या राक्षसांची शिंगं एकमेकांच्या उरावर बसलेली असायची. आता हातमोजे जोडीजोडीनं ठेवले होते, बाण उंचीप्रमाणे उभे होते आणि शिंगं दिसतच नव्हती.

"मी आवरली," मावशी म्हणाली. "राहवेना. मोठी माणसं तुम्ही, आणि काय तो पसारा!"

"आणि मौनी कुठाय?" भाचीच्या नवऱ्यानं सावधपणे विचारलं.

"कोण मौनी?"

"तलवार, मावशी. जुनी. गंजलेली."

"ती होय! ती देऊन टाकली." मावशीनं पुढची शेंग फोडली. "तंबूच्या दारात फेरीवाला आला होता. त्या गंजक्या तलवारीच्या बदल्यात तीन पांघरुणं दिली बघ त्यानं. चांगली लोकरीची. तुम्ही तिघं रोज बर्फात बिनपांघरुणाचे झोपता, मला बघवत नव्हतं."

भाचीनं कपाळावर हात मारला. हात प्लास्टरमधला होता, त्यामुळे पाठोपाठ "आई गं!" असंही ओरडली.

'सात शिखरांची गाथा' माहीत नाही असं माणूस सापडणं कठीण. आधी तिच्या जाडजूड कादंबऱ्या आल्या, मग सिनेमे आले, मग मुलांच्या दप्तरांवर आणि मोठ्यांच्या कॉफीच्या मगांवर तिची चित्रं आली आणि शेवटी तिघांनी मिळून खेळायचा हा खेळ आला. गाथेतली मौनी तलवार मुद्दामच गंजकी. शेवटच्या दारासमोर नेली की तिचा गंज झडतो, ती लखलखते आणि मगच दार उघडतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मावशीनं मात्र आयुष्यभर मुलींच्या वसतिगृहाचं रेक्टरपद सांभाळलं होतं आणि तिथं गंजकी, तुटकी, बिनमालकाची वस्तू दिसली की ती संध्याकाळच्या आत बाहेर जात असे.

भाची घरांचे नकाशे काढायची. एका अर्धवट बांधलेल्या जिन्यावरून घसरून तिनं मनगट मोडून घेतलं होतं, म्हणून मावशी मदतीला आली होती. खेळाच्या शेवटच्या दारापुढं तीन दगडांवर तिघांना उभं राहावं लागतं. दोघांचं काम नव्हतं. म्हणून भाचीचा कंट्रोलर मावशीकडे आला. "दुपारी जरा सवय कर," भाचीनं सांगितलं होतं. "फीर, झाडं बघ. फक्त कशाला हात लावू नकोस." हे वाक्य तिनं मावशीला सांगायला नको होतं.

एरवी कुणी हसून सोडून दिलं असतं. पण समोरच्या ब्लॉकमधला दंतवैद्य दुसऱ्या दिवशी कायमचा निघाला होता, लांबच्या गावी, नव्या दवाखान्यात. त्याच्या घरात खोकी रचून झाली होती. तो इथं राहायला आला त्या पावसाळ्यापासून तिघांनी एकही शनिवार चुकवला नव्हता, आणि शेवटचं दार त्यांनी मुद्दाम आजच्यासाठी राखून ठेवलं होतं. आज नाही तर कधीच नाही.

"मागं नाही का जाता येत?" मावशीनं विचारलं. तिचा आवाज आता उतरला होता. "चूक झाली, परत द्या, असं?"

"नाही. खेळ आपोआप सेव्ह होतो."

"मग फेरीवाल्याला गाठू या," मटाराचं ताट बाजूला ठेवून मावशीनं पदर खोचला. "कुठवर जाईल? त्याची गाडी खडखडत होती."

फेरीवाला दोन डोंगरांपलीकडे सापडला. तिथवर जाताना मावशी दोनदा कड्यावरून पडली आणि एकदा फुलं बघायला नदीत शिरली. प्रत्येक वेळी ती "थांबा हं, आलेच," म्हणायची आणि तंबूपासून पुन्हा चालायला लागायची.

"तलवार मी पुलावरच्या राक्षसाला विकली," फेरीवाला म्हणाला. "पुढची वाट सांगतो, पण मला घोडा हवा. नाहीतर ती तीन पांघरुणं परत करा."

"पांघरुणं द्या!" तिघं एकदम ओरडले.

तोवर मावशीनं घोडा दिला होता.

"अगं मावशी! तो माझा घोडा होता! पहिल्या शिखरापासूनचा!" भाची कळवळली.

"घोड्याला अंगावर केस आहेत," मावशी म्हणाली. "तुम्हाला काय आहे?"

आता चौथ्या शिखराच्या पुलापर्यंत पायी जाणं आलं. भाची डाव्या हातानं मावशीच्या पाठीला टोचून दिशा दाखवत होती. "डावीकडे. तुझ्या डावीकडे नाही, पडद्यावरच्या तिच्या!" खेळात जावई जादूगार होता. त्याला नेहमीप्रमाणे वाटेतच शक्तीचं औषध लागलं. पेटीतून बरोबर आणलेली एकच मोठी बरणी होती.

"बाकीच्या बाटल्या?" त्यानं विचारलं, पण उत्तर त्याला बहुधा कळलं होतं.

"सगळ्या अर्ध्या-अर्ध्या होत्या, जावईबापू. किती जागा अडवतात! मी एकत्र केल्या. तिथं 'मिसळा' असं बटण होतं."

"सगळ्या? विषाचीसुद्धा?"

"लेबल कुठं होतं कशावर? वसतिगृहातल्या माझ्या मुलीसुद्धा तेलाच्या बाटल्यांना लेबल लावायच्या नाहीत."

पुलाजवळ आले तेव्हा जादूगाराच्या अंगात काठी उचलायचं त्राण नव्हतं. जावयानं डोळे मिटून घोट घेतला. हिरवा धूर झाला आणि जादूगाराच्या जागी कोंबडी उभी राहिली.

दंतवैद्य हसून सोफ्यावरून खाली आला. "हे तर कुठल्याच सिनेमात नाही!"

"हसतोस काय? मला आता फक्त टोचता येतंय!"

राक्षस पुलाच्या मधोमध बसला होता, घराएवढा. एका हातानं गाल धरून दुसऱ्या हातानं तो मौनी तलवारीनं दात कोरत होता. दंतवैद्याचा योद्धा हातोडा घेऊन धावला. राक्षसानं त्याला चिलटासारखं झटकलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा कोंबडी मदतीला गेली आणि तिची पिसं बराच वेळ पडद्यावर तरंगत राहिली. तिकडे खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं.

"नाही होणार," दंतवैद्य म्हणाला. त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि उगाच हसला. "असू दे. मजा आली. मला अजून भांडी बांधायचीत."

मावशीला ते हसू काही आवडलं नाही. ती आतापर्यंत पुलाच्या टोकाशी उभी होती. ती सरळ राक्षसासमोर जाऊन थांबली. पडद्यावर दोन चौकोन आले : 'लढा' आणि 'बोला'. तिनं 'बोला' दाबलं.

"अगं ते नको! तो फार वेळ बोलतो! पुढचं बटण दाब, गप्प होतो तो."

"समोरचा बोलतोय आणि आपण बटण दाबायचं? हे कुठलं वळण?"

राक्षस बोलायला लागला. या पुलावर आपण किती वर्षं बसलो आहोत, येणारा जाणारा कसा नुसता वार करून जातो, थंडीत गुडघे कसे दुखतात, वगैरे. जावई जांभया देत होता. मावशी मात्र "हो का," "अरेरे," असं टीव्हीला म्हणत होती. अखेर राक्षस दाढेवर आला. उजवीकडची, खालची. रात्र रात्र झोप नाही. म्हणून तर ही तलवार घेतली, टोचलं की घटकाभर बरं वाटतं.

"अरे, लोखंड नको खुपसूस!" दंतवैद्य ताडकन उठून ओरडला. "हिरडी फाटेल! तोंड मोठं उघड. थोडं वळ उजेडाकडे."

पडद्यावर तिसरा चौकोन उगवला होता : 'दाढ काढून द्या'.

"हे आधी कधीच आलं नव्हतं," भाची पुटपुटली.

"तुम्ही कधी पूर्ण ऐकलं होतं का त्याचं?" मावशी म्हणाली.

दंतवैद्यानं बाह्या सरसावल्या. योद्धा राक्षसाच्या गुडघ्यावर चढला, तिथून खांद्यावर. कोंबडीनं जिभेवर बसून जीभ दाबून धरली. मावशीनं राक्षसाचा अंगठा धरला, कारण कुणीतरी काहीतरी धरायला हवं होतं. तीन ठोके बसले. दाढ पुलावरून गडगडत दरीत गेली आणि खाली एक अख्खं झाड मोडलं.

"दोन तास काही खाऊ नका," दंतवैद्य सवयीनं म्हणाला.

राक्षसानं डोळे पुसले, तलवार पुढं ठेवली आणि वाट सोडली. सोफ्यावर असा जल्लोष झाला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. जादूगारही मधल्या वाटेत कोंबडीचा पुन्हा माणूस झाला, फक्त दाढीत एक पीस राहिलं.

मग दार आलं. काळं, उंच, ढगात गेलेलं. तिघं तीन दगडांवर उभे राहिले. दंतवैद्याच्या हातातल्या तलवारीचा गंज झडू लागला आणि तिचा सोनेरी उजेड टीव्हीतून बाहेर येऊन खोलीभर पसरला. आता एकच बटण दाबायचं होतं.

दंतवैद्य बटण दाबेना.

"दाब की," जावई म्हणाला, पण त्याच्या म्हणण्यात जोर नव्हता. तो सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसायला लागला. भाची डाव्या हाताचं बोट प्लास्टरमध्ये घालून खाजवू लागली.

"दार उघडल्यावर काय होतं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही," दंतवैद्य म्हणाला. "गाथा संपते. खेळ ज्यांनी केला त्यांची नावं येतात, भराभर वर जातात. बस."

"आणि संपली नाही, तर? तिकडच्या गावाहून खेळता येतं का हे?"

"नेट असलं की येतं कुठूनही," तो म्हणाला आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. "पण आता इथवर आलोच आहोत तर..."

मावशी त्या नाडीकडे बघत राहिली. वसतिगृह सोडायच्या दिवशी मुलींच्या ट्रंका खाली आलेल्या असायच्या, गाडी फाटकात उभी असायची, वडील घड्याळ बघत असायचे. आणि एकेक मुलगी कंगवा विसरला, टॉवेल राहिला, असं सांगून परत जिना चढायची. कंगवा बहुतेक वेळा तिच्या हातातच असायचा. मावशी अशा वेळी फाटकाची किल्ली कुठं ठेवली ते हमखास विसरायची.

तिनं कंट्रोलर टीपॉयवर ठेवला.

"माझे डोळे चुरचुरायला लागलेत," ती म्हणाली. "अक्षरं काही दिसेनात बाई. आता पुढच्या शनिवारी बघू."

मग तिघं एकदम बोलायला लागले.

"डोळ्यांशी खेळ नको!"

"मावशींना त्रास होत असेल तर प्रश्नच नाही!"

"शनिवारी सहाला?" दंतवैद्य केव्हाच उठला होता. "तिकडे गेल्यावर नेट आधी जोडून घेतो, पलंग नंतर. मावशी, तुम्ही असाल ना? तिसरा दगड तुमचा आहे."

"प्लास्टर असेपर्यंत आहेच मी."

"हाड सावकाशच जुळतं," भाची घाईघाईनं म्हणाली.

दंतवैद्य आपल्या खोक्यांकडे शीळ घालत गेला. मघाशी नाडी बांधायला वाकताना त्याच्या सदऱ्याचं एक बटण तुटून सोफ्याखाली गेलं होतं, ते मावशीनं केव्हाच उचललं होतं. "सदरा काढून पाठवा, लावून देते," तिनं दारातून हाक मारली. मग खिडकीशी, उतरत्या उजेडात उभं राहून तिनं चष्मा न लावता एका फटक्यात सुईत दोरा ओवला.