सबवेच्या तोंडाशी सकपाळकाका

आमच्या बिल्डिंगमधले सकपाळकाका माणसांना रिव्हर्स घेतात.

म्हणजे असं की, रस्ता चुकलेला माणूस दिसला की ते त्याच्यापुढे जाऊन उभे राहतात, दोन्ही हात खांद्याच्या वर नेतात आणि पंजे हलवत सुरू करतात, "येऊ द्या, येऊ द्या, अजून... हां, आता उजवी मारा. थोडं पुढं. बस्स." आणि गंमत म्हणजे माणूस खरंच तसा सरकत जातो. लग्नाचं प्रेझेंट छातीशी धरलेला एक सुटाबुटातला गृहस्थ उलट्या पावलांनी कुंडी चुकवत मागे येताना मी स्वतः पाहिलाय.

यात काकांचा दोष नाही. सगळा जन्म जासईकडच्या एका कंटेनर यार्डात गेला. भलेमोठे ट्रेलर अरुंद जागेत मागे घ्यायला लावायचे, हे त्यांचं काम. रिटायर झाले, यार्ड सुटलं, हात काही सुटले नाहीत. माणसांची मापंही ते कंटेनरचीच काढतात. एकटादुकटा माणूस म्हणजे वीस फुटी. बायको, दोन पोरं, सासू आणि चाकाची बॅग असा कुटुंबकबिला म्हणजे चाळीस फुटी, त्याला वळायला जास्त जागा लागते. कोणी आइस्क्रीमचा डबा घेऊन रस्ता शोधत असेल तर तो रीफर, म्हणजे फ्रीजवाला कंटेनर. "थंड माल आहे, याला आधी सोडा," म्हणून बाकीच्यांना बाजूला करतात. समोरच्याला ओ की ठो कळत नाही, पण तो बिचारा निमूट सुटतो.

माझं स्टेशनसमोर फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, दहावा, 'रूम भाड्याने देणे आहे', सगळं आमच्याकडे होतं. काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे गेली काही वर्षं ते मला घरी पण आहेत आणि दुकानात पण आहेत. आमचे हे म्हणतात, सासरा नव्हता तो देवाने पाठवला. मी म्हणते, सासऱ्याला निदान फॉन्टमधलं कळत नाही.

आता आमच्या स्टेशनाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही शोधत याल आणि चुकाल. नवी मुंबईचं स्टेशन म्हणजे तुम्हाला माहीत आहे, वर एवढी मोठी इमारत की आत लग्न लागावं आणि खाली सबवे. आमच्या सबवेत एक बोर्ड होता. त्यावर सेक्टरांचे आकडे आणि एक ठसठशीत बाण. बाणाच्या मागे मुकाट गेलात की तुम्ही थेट एका जाळीच्या गेटापाशी पोचायचात. गेटाला कुलूप आणि त्यावर पाटी, 'हा मार्ग बंद आहे'. का बंद, कधीपासून, मग उघडा कुठला, काही नाही. बाहेर पडलात तरी सुटका नाही, कारण आमच्याकडे सहा नंबरच्या सेक्टरशेजारी सतरा नंबर आहे आणि सात नंबर नाल्यापलीकडे. हे आकडे ज्याने टाकले त्याला एकदा रात्री... जाऊ दे, तोंड खराब कशाला करू.

काकांचं म्हणणं एकच. "ज्योती, नियम असू दे. आपण पाळू. पण पाटीवर कारण लिहायला काय जातं यांचं?"

हे कारणाचं वेड आमच्या लिफ्टपासून सुरू झालं. लिफ्टमध्ये पाटी होती, 'लिफ्टमधून नारळ नेण्यास सक्त मनाई आहे'. मी या बिल्डिंगमध्ये राहायला आले तेव्हापासून सगळे नारळ जिन्यानेच चढत. सत्यनारायण असो, सोलकढी असो, पाचव्या मजल्यावरच्या देशमुखवहिनी भाजी लिफ्टने पाठवायच्या आणि नारळ हातात घेऊन मागून धापा टाकत जिना चढायच्या. का, ते कोणाला माहीत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, आधीच्या सेक्रेटरींना विचारा. आधीचे म्हणाले, काहीतरी वजनाचं असेल. कोणी म्हणालं, वास्तूचं असेल.

काका हटले नाहीत. जुना वॉचमन शोधून काढला, कळंबोलीला जाऊन त्याला चहा पाजला आणि कारण घेऊन आले. कारण असं की, एका दसऱ्याला लिफ्टची पूजा झाली. हार घातला, कुंकू लावलं आणि तेव्हाच्या चेअरमनने लिफ्टच्या उंबऱ्यावरच नारळ फोडला. पाणी खालच्या फटीतून आत गेलं, काहीतरी चट्कन जळलं आणि चेअरमन हार-तुऱ्यांसकट दीड तास आत अडकले. बाहेर आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला, यापुढे लिफ्टमध्ये नारळ नाही. पाटी झाली. चेअरमन गाव सोडून गेले, पाटी राहिली.

काकांनी माझ्याकडून नवी पाटी करून घेतली, 'लिफ्टमध्ये नारळ फोडू नये, पाणी आत गेल्यास लिफ्ट बंद पडते'. देशमुखवहिनी त्या दिवशी पाच नारळ घेऊन लिफ्टने वर गेल्या आणि परत खाली आल्या. उगाचच. मला म्हणाल्या, फिरवून आणले.

तर असे काका रोज संध्याकाळी सबवेच्या तोंडाशी उभे असायचे. नुसता रस्ता सांगून त्यांचं भागायचं नाही. "चला, सोडतो," म्हणायचे आणि दारापर्यंत जायचे. दूध आणायला गेलेला माणूस रात्री जेवायच्या वेळी परत यायचा, बरोबर कुठल्यातरी साखरपुड्याचे पेढे. वाटेत गप्पा व्हायच्या. कोणाची मुलगी बघायला चाललेत, कोणाचा भाऊ आजारी आहे, कोण गावाहून नोकरीला आलाय, सगळं काकांना ठाऊक. कितीतरी घरांतून त्यांना पत्रिका यायच्या, त्या घरचे ओळखीचे फक्त एवढ्याच कारणाने की एकदा तिथवर कोणाला तरी सोडलं होतं.

त्यांना त्याची गरज होती, हे मी सरळच सांगते. काकू गेल्यावर घरात ते एकटे. लेक नाशिकला, रोज फोन करते, पण फोन ठेवल्यावर पुढे काय? "दिवस जातो गं," ते म्हणायचे, "संध्याकाळच तेवढी लांब पडते." म्हणून ती संध्याकाळ त्यांनी सबवेवर नेऊन ठेवली होती.

मध्ये एकदा तिथे नवी पाटी आली, 'येथे विनाकारण थांबू नये'. गार्ड काकांना म्हणाला, "चाचा, आगे बढो." काका म्हणाले, "मी विनाकारण नाय थांबलो, मला कारण आहे. तुमच्या पाटीला आहे का?" गार्ड पाटी परत वाचायला लागला. पण नियम तो नियम. दुसऱ्या दिवसापासून काका थांबायचे बंद झाले. ते चालायला लागले. सबवेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारखे, आणि चालता चालता लोकांना वाट. गावाकडून आलेलं एक जोडपं काकांच्या मागोमाग तीन फेऱ्या मारून मोकळं झालं, त्यांना वाटलं हाच रस्ता आहे. शेवटी गार्डलाच चक्कर यायला लागली. त्याने खुर्ची आणून दिली. बसू नये असं कुठे लिहिलं नव्हतं.

मग स्टेशनाच्या पाट्या बघणाऱ्या ऑफिसात एक नवीन साहेब आले. बदलीचा पहिला दिवस, ऑफिस शोधत सबवेत शिरले, स्वतःच्याच खात्याच्या बाणावर विश्वास ठेवला आणि जाळीपाशी जाऊन उभे राहिले. काकांनी हात वर केले. "येऊ द्या, येऊ द्या." साहेबांना अगदी त्यांच्या केबिनच्या दारात पार्क केलं आणि वर जयभीम घातला. साहेब मनाचे मोठे निघाले. म्हणाले, काका, काय हवं तुम्हाला? काका म्हणाले, नीट बोर्ड.

बोर्डाचं काम माझ्याकडे आलं. काका माझ्या मागे खुर्ची टाकून बसले. "बाण वर घे. अजून. येऊ दे, येऊ दे... बस्स." प्रत्येक सेक्टर, नाल्याचा पूल, रिक्षा स्टँड, सगळं त्यावर. जाळीच्या गेटाचंसुद्धा कारण शोधून लिहिलं, मागे विजेची खोली आहे म्हणून बंद. माझ्या हातून इतका सुंदर बोर्ड आजवर झाला नव्हता. लागला त्या दिवशी काकांनी स्वतः पेढे वाटले. गार्डला दोन.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, बोर्डाकडे बघितलं आणि बरोबर रस्त्याला लागली. वीस फुटी, चाळीस फुटी, सगळी. कोणी थांबलं नाही, कोणी विचारलं नाही. काका खुर्चीवर बसून एकेकाकडे आशेने बघत होते. मी दुकानातून पाहत होते आणि माझा जीव तुटत होता. पुढच्या दिवशीही तेच. मग ते जायचेच बंद झाले. दिवेलागणीला वरच्या मजल्यावरून टीव्हीचा आवाज यायला लागला. त्या घरात त्या वेळी मी कधी टीव्ही ऐकला नव्हता.

एका संध्याकाळी ते दुकानात आले. बराच वेळ नुसते सॅम्पल चाळत बसले. मी चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाले, "एक छोटी पाटी कर. हातभर. खुर्चीला टांगता येईल अशी."

"काय लिहू?"

"रस्ता विचारा. सोबत येतो." मग म्हणाले, "सोबत येतो हे मोठ्या अक्षरात घे. रस्ता काय, आता समद्यांना कळतो."

मी स्क्रीनकडे तोंड करून टाइप करत बसले, कारण वळले असते तर रडले असते. पाटी पिवळी केली. पैसे घेतले नाहीत, त्यांनी द्यायचा हट्टही केला नाही.

ती टांगली त्याच दिवशी दिवाळे गावची एक म्हातारी कोळीण आली. हातात सुक्या बोंबलांची पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा. मोठ्या बोर्डापुढे उभी राहून तिने बोटाने एकेक ओळ वाचली, मान हलवली. मग खुर्चीपाशी आली, पिवळी पाटी वाचली आणि काकांना म्हणाली, "लेकीकडं चाललंय. रस्ता कलला मना. पन तू सोबत येनार हाय ना? लिवलंय तसा?"

काका उठले. हात वर करायचं विसरले. तिची पिशवी घेतली आणि तिच्या पावलाने, हळूहळू, तिच्या बाजूने चालायला लागले.