गुस्तावच्या शिंगांची चौकशी

इतिहासातलं सत्य कितीही दडपलं, तरी एक ना एक दिवस ते ताठ मानेनं उभं राहतं. आमच्या गावात ते उभं राहिलं नाही. ते आडवंच होतं, आणि त्याला पॅनकेकवरचा पाक लागलेला होता.

गावाचं नाव गुस्ताव, राज्य नेब्रास्का, लोकसंख्या ६१२ (रोलंड बर्गडाल मुलीकडे राहायला गेला तर ६११). गावाला हे नाव बैलावरून पडलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. १८८४ साली निल्स हॅगस्ट्रॉम नावाचा गृहस्थ चांगल्या जमिनीच्या शोधात पश्चिमेकडे निघाला होता. इथे पोचल्यावर त्याचा बैल गुस्ताव आडवा झाला आणि काही केल्या उठेना. निल्सनं तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी गाव वसवलं. चांगली जमीन इथून चाळीस मैलांवर सुरू होते. पण जो उठत नाही त्याच्याशी वाद घालू नये, ही आमची संस्कृती. हा बैल पाण्याच्या टाकीवर रंगवलेला आहे, बँकेच्या कॅलेंडरवर आहे, शाळेच्या फुटबॉल संघाच्या टोप्यांवर आहे. (संघ मैदानातही त्याचाच आदर्श पाळतो.)

दर ऑगस्टात गुस्ताव दिनाची मिरवणूक निघते. तिच्या अग्रभागी कॅनव्हासचा बैल असतो आणि त्यात दोन माणसं असतात. पुढच्या माणसाकडे मुंडकं. त्याला तोंडातल्या फटीतून बाहेरचं दिसतं, तो मान डोलावतो, पोरांना टॉफ्या फेकतो, बायका त्याचे फोटो काढतात. मागचा माणूस कमरेत वाकून पुढच्याचा पट्टा धरतो आणि चालतो. पुढे चव्वेचाळीस वर्षं रोलंड होता. मागे एकतीस वर्षं डेल्मर क्विस्ट. डेल्मरचं वय अठ्ठावन्न, शेती मक्याची, बोलणं बेताचं. या एकतीस वर्षांत त्यानं एकही मिरवणूक पाहिलेली नाही. रोलंडच्या पँटी मात्र सगळ्या ओळखतो.

यंदा वसंतात रोलंडचा खुबा बदलला आणि मुंडकं डेल्मरकडे आलं. त्यानं ते घरी नेलं. शिंगांना पॉलिश केलं. बायको सांगत होती की तो ते घालून जेवायला बसतो.

नेमकं त्याच महिन्यात राज्याच्या कुठल्याशा कार्यालयातून पत्र आलं. गावाला एकशेचाळीस वर्षं झाल्याबद्दल हमरस्त्यावर पितळी पाटी लावण्याचं योजलं असून, सोबतच्या अर्जात गावाच्या स्थापनेची कथा (अ) प्रमाणित वस्तुस्थिती आहे की (ब) दंतकथा आहे, यांपैकी एकावर खूण करावी. (ब) असल्यास पाटी शेजारच्या वॉलबर्गला जाईल. वॉलबर्गकडे एक खड्डा आहे. प्रमाणित.

तेव्हा आम्ही लूथरन चर्चच्या तळघरात सत्यशोधन समिती नेमली. अध्यक्ष वर्ना ओल्मस्टेड. अडतीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे सगळा गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो, आणि त्यांची लाल पेन्सिल दिसली की आजही काखेत घाम येतो. मी चिटणीस. (पात्रता: स्वतःचं टंकयंत्र.)

गावाकडून एकूण २१३ हकिगती आल्या. छाननीचे निष्कर्ष असे. मोठ्या हिमवादळाच्या दिवशी शाळेत अडकलेली मुलं ३४०, शाळेतली बाकं अठरा. कुदळीनं साप मारणाऱ्या आज्या ६१, गावातल्या तेव्हाच्या कुदळी चार. एक नामांकित रेल्वेलुटारू एकाच रात्री एकोणीस घरी जेवला आणि प्रत्येक ठिकाणी बशीखाली सोन्याचं नाणं ठेवून गेला. (नाणं एकाही घरी सापडलं नाही. बशा आहेत.)

या लुटारूवरून हॅन्सन आणि बर्गडाल मंडळींत कॉफीचे कप उचलले गेले, तेव्हा बाईंनी शांततेसाठी एक नियम केला. आपल्याकडे गावाचा इतिहास छापताना प्रत्येक घराण्याला एक पान देतात, तसंच इथे करायचं. ज्याचं पान त्यानं लिहायचं. दुसऱ्यानं त्यातला काना-मात्रासुद्धा हलवायचा नाही, आणि पानावर येईल ते प्रमाणित. लुटारू त्यामुळे एकोणीस पानांवर सुखानं जेवतो आहे. नियम एकमतानं मंजूर झाला. सूचक: खुद्द बाई.

मग बाई बैलाकडे वळल्या.

पुरावा म्हणजे निल्सची स्वीडिश डायरी. तिचं ते पान पाठ करूनच आम्ही चौथी पास झालो: ‘गुस्ताव आडवा झाला. शिव्या दिल्या. ओट्स दिले. पाठीत काठी घातली. उठत नाही.’ पुढचं पान कुणी वाचलेलं नव्हतं. १९६१च्या पॅनकेक न्याहारीत डायरी पाकाच्या बरणीशेजारी प्रदर्शनाला ठेवली होती, तेव्हापासून दोन पानं चिकटलेली. कथा पूर्ण वाटत होती, त्यामुळे सोडवायची घाई कुणाला नव्हती.

गावात स्वीडिश वाचता येणाऱ्या एकट्या एल्विरा सांडाल. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनी डायरी कॉफीच्या किटलीच्या वाफेवर धरली, पान अलगद सोडवलं, चष्मा पुसला आणि वाचलं: “गुस्ताव म्हणतो, दाजी, तुम्ही व्हा पुढे. माझी कंबर गेली.”



“बैल दाजी म्हणत नाही,” बाई म्हणाल्या.

पाद्रीबुवांनी हळूच आठवण करून दिली की बायबलात एक गाढव बोललेलं आहे. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. एल्विराबाईंनी पुढची ओळ वाचली. संध्याकाळी गुस्तावनं कॉफी मागितली. तीन कप. त्याखालीच निल्सनं वैतागून पूर्ण नाव लिहिलं होतं: गुस्ताव क्विस्ट, बायकोचा भाऊ.

सगळ्या माना डेल्मरकडे वळल्या. गावात क्विस्ट तेवढाच उरलाय. म्हणजे हा माणूस एकतीस वर्षं स्वतःच्या पणजोबांचे मागचे पाय होता.

बाईंनी तिथल्या तिथे ठराव मांडला. गुस्ताव हा माणूस असल्याचं नोंदवावं, पाटी त्याच्या नावे घ्यावी, कॅनव्हासचा बैल मिरवणुकीतून कायमचा रद्द करावा, आणि त्याऐवजी वंशज या नात्यानं डेल्मरला कोट घालून उघड्या मोटारीत बसवावं. शिवाय उद्यानात क्विस्ट नावाचं बाकडं. अनुमोदनाला हातही वर जायला लागले.

डेल्मर उठला. टोपी हातात.

“बाई, मोटारीत कुणीही बसतं.”

“हा मान आहे, डेल्मर.”

“असेल. पण मुंडकं आत्ता कुठे मिळालंय.” मग म्हणाला, “आमच्या घराण्याचं पान द्यायचं राहिलंय.”

ते खरं होतं. २१३ पानं भरली होती, क्विस्टांचं कोरं होतं. डेल्मरनं बाईंपुढची लाल पेन्सिल उचलली. (आजवर हे धाडस कुणी केलेलं नव्हतं.) उभ्या उभ्याच एक ओळ लिहिली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. ‘आमचे मूळपुरुष गुस्ताव. ते बैल होते.’

बाईंनी ते तीनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही.

“डेल्मर, तुझे पणजोबा बैल होते?”

“पणजी तसंच म्हणायची, बाई. तिनं त्यांच्याबरोबर एकेचाळीस वर्षं काढली. निल्सनं तीन दिवस.”

बाईंनी समितीकडे पाहिलं. समितीनं नियमाकडे पाहिलं. काना-मात्रासुद्धा हलवायचा नाही. मग बाईंनी आपली पेन्सिल परत मागून घेतली आणि (अ)वर खूण केली.

पाटी गेल्या आठवड्यात बसली. पितळी आहे. येणारे-जाणारे गाडी थांबवून ती वाचतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. एकानंही अजून काही विचारलेलं नाही.

तुम्हीही विचारलं नाहीत. बैल आडवा झाला म्हटल्यावर मुकाट्यानं मागे आलात, पुढे तो माणूस निघाला तरी आलात, परत बैल झाला तरी पट्टा सोडला नाहीत. असं काही न दिसता चालत राहणारं माणूस हल्ली सहसा मिळत नाही. म्हणून एक छोटी विनंती. येत्या गुस्ताव दिनासाठी मागच्या पायांची जागा रिकामी आहे. उंची साडेपाच फुटांच्या आत असल्यास कळवावं. मोजे आपले आणावेत.