नानांनी कुलूप दान केलं

बायको गेल्यावर चष्मेवाल्या नानांनी तिचे कपडे वाटून टाकले, पुस्तकं वाचनालयाला दिली. उरलं ते तिनं लिहिलेलं सॉफ्टवेअर. डॉक्टर आणि पेशंट सोडून तिसऱ्या कुणाला रिपोर्ट वाचता येऊ नयेत, असं ते कुलूप. छोट्या दवाखान्यांना ते फुकट मिळावं ही तिची शेवटची इच्छा. असली कामं सांभाळणारी परदेशात एक संस्था होती. तिच्या पदरात टाकलं की सुटलो, असं नानांना वाटलं. दान करताना इतका घाम निघतो हे त्यांना कोण सांगणार?

"कॉपीराइट आमच्या नावे करा. लेखिकेची सही हवी," संस्थेनं कळवलं.

"लेखिका वारली."

"तसं लेखिकेनं स्वतःच्या ईमेलवरून कळवावं."

लेकीनं फोनवर संस्थेला फैलावर घेतलं, तेव्हा कुठे वारसांच्या सह्या चालल्या.

मग प्रश्न आला, कुलूप किती मजबूत? नानांची छाती फुगली. 'कुणाच्या बापाला उघडणार नाही,' असं त्यांनी ठोकून दिलं. झालं! इतकं पक्कं कुलूप देशाबाहेर पाठवायचं तर परवाना हवा. प्रकरण गेलं निर्यात खात्यात, आणि बापलेकही गेले.

"काका, एवढं कौतुक कशाला केलंत?" साहेबांनी कपाळावर हात मारला. "उद्या हे शत्रूच्या हाती लागलं तर?"

"तर काय, तो आपल्या मूळव्याधीचे रिपोर्ट लपवेल!"

"ते समितीला सांगा. ती बसेल तेव्हा बसेल. त्यापेक्षा 'साधं, नेहमीचं कुलूप आहे' असं लिहून द्या. आत्ता शिक्का मारतो."

"लिहा ना बाबा," लेक म्हणाली. "नाहीतर आईचं काम इथेच कुजेल."

नानांनी पेन उचललं आणि हात थबकला. वहिनी एवढं काय करत बसतात, असं कुणी विचारलं, की संसारभर ते हसून म्हणत आले होते, "काही नाही हो, साधंच काहीतरी." ती बाजूलाच उभी असायची. तेव्हा जीभ कधी अडखळली नव्हती. आज मात्र त्यांना भडभडून आलं. कसंबसं त्यांनी वाक्य पुरं केलं.

"साहेब, खाली कंसात लिहू का, की हे खरं नाही?"

"कंसात लिहिलंत, की कागद समितीकडे."

"मग राहू द्या," नाना म्हणाले, आणि बायकोचं काम साधंच असल्याचं, या खेपेला तिच्यासाठी, त्यांनी सहीनिशी लिहून दिलं.