मल्लूअण्णांची ज्वारी

आमचे शेजारी मल्लूअण्णा ज्वारी नुसती बघून घेत नाहीत, ऐकून घेतात. पोत्यातले दोन दाणे दाढेखाली ठेवायचे, डोळे मिटायचे आणि चावायचे. कट्ट असा आवाज आला तर "बोलली." नाही आला तर "गप हाय ही," म्हणून पुढचं दुकान. मागं गिऱ्हाईक ताटकळलेलं असलं तरी अण्णांना घाई नसते. होटगी स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणून नोकरी केलेला माणूस. खात्री पटल्याशिवाय काहीच पुढं जाऊ देत नाही.

मी शाळेत शिकवते, म्हणून मला ते "बाई" म्हणतात. गेल्या वर्षी कॉलनीजवळ सेंद्रिय मालाचं नवं दुकान निघालं, तेव्हा पाकिटावरचं बारीक इंग्रजी वाचायला मला सोबत घेऊन गेले. आत गार एसी, चकचकीत लाकडी फळ्या, हिरवा एप्रन घातलेली मुलगी.

"अंकल, ही सर्टिफाइड ऑरगॅनिक आहे," ती म्हणाली.

"सर्टिफिकेट पाकिटाला हाय. पिकवली कुणी?"

तिनं पाकीट उलटं करून एका कंपनीचं नाव वाचलं.

"कंपनी नांगर धरती व्हय, पोरी? माणसाचं नाव सांग की."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. अण्णा मात्र जागचे हलेनात. शेवटी मालकांनीच मैंदर्गीच्या एका शेतकऱ्याला फोन लावून दिला. अण्णा कन्नडमध्ये बराच वेळ बोलत होते. खत कसलं, फवारणी कशाची, गायी किती. फोन परत देताना म्हणाले, "खरा हाय. गायींची नावं न अडखळता सांगितली."

तरी पुढच्या रविवारी एसटीनं मैंदर्गी गाठून, रान स्वतः बघून, पोतं घेऊनच आले. काही दिवसांनी त्या दुकानात प्रत्येक फळीवर शेतकऱ्याच्या नावाची आणि गावाची पाटी लागली.

त्या ज्वारीचा एक डबा अण्णांनी आम्हालाही दिला. भाकरी लई गोड झाली. डबा परत द्यायला मी दुपारी गेले, तर अण्णा जेवत होते. समोर खानावळीचा डबा, गार चपात्या आणि तेल तरंगणारी भाजी. पोतं कोपऱ्यात तसंच भरलेलं.

"अण्णा, आणि ही ज्वारी?"

"मला भाकरी कुटं येती, बाई." त्यांनी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडं पाहिलं. "कमल असताना बाजार तीच करायची. ज्वारी आणायला अख्खी सकाळ लावायची. मी चिडायचो. एकदा बी सोबत गेलो न्हाय." मग पोत्याकडं बघत म्हणाले, "आता जातो. तिच्यासारखी निवडता येती का बघतो."

"उद्या दळून आणा," मी म्हटलं. "मी शिकवते."

अण्णांची पहिली भाकरी हातातच फाटली. दुसरी करपली. तिसरी तव्यावर टम्म फुगली. ती ताटात घेऊन अण्णा बसून राहिले, पार निवेपर्यंत.