रुडिसिल सरांची जागा

अन्न मिळवण्याच्या ज्या ज्या रीती माणसाने शोधून काढल्या, त्यांत सर्वांत प्रगत रीत ती, जिच्यात हाती आलेलं अन्न फोटो काढून परत सोडून देतात. छोट्या तोंडाचा बास हा मासा याच रीतीने पकडला जातो. निदान ज्युनियाटा नदीकाठच्या केसलर्स फोर्ड गावात, वसंत सरता सरता, त्याला असंच पकडतात; कारण त्या दिवसांत त्याला घरी नेणं गुन्हा आहे. इतकं निष्काम कर्म दुसरीकडे कुठे एवढं पेट्रोल जाळून होत असेल असं वाटत नाही.

अर्थात मासा पकडणं हा या विद्येचा गौण भाग झाला. मुख्य भाग म्हणजे आमिष निवडणं. मासा नदीत असतो आणि नदी फुकट आहे, त्यामुळे तिच्याबद्दल फारसं बोलण्यासारखं काही नाही. आमिष मात्र दुकानात असतं. लाकडाचं, रबराचं, पिसांचं, पत्र्याचं. झिंग्यासारखं दिसणारं, बेडकासारखं दिसणारं, आणि कशासारखंच न दिसणारं (हे सर्वांत महाग). गावाच्या क्रीडा मंडळाने केलेल्या पाहणीनुसार एका सभासदाकडे सरासरी तीनशे बारा आमिषं आहेत आणि तो वर्षाला सरासरी नऊ मासे पकडतो. म्हणजे एका माशामागे चौतीस आमिषं पडतात आणि काही उरतात. उरलेली कमी पडतात, असंही पाहणीत आढळलं.

या विषयाला शिस्त लागावी म्हणून मंडळाने आमिष-निवड समिती नेमली. ती दर मंगळवारी अग्निशमन दलाच्या सभागृहात बसते. समितीचा सचिव वेन्डेल हॉस्टेटर हा गावाच्या सांडपाणी केंद्रात हिशेबनीस होता आणि कुठल्याही प्रश्नाच्या मुळाशी जायची त्याला सवय होती. माशाला रंग कळतो का, या प्रश्नावर समितीने दोन हिवाळे काम केलं. माशाला विचारायची सोय नसल्यामुळे शेवटी दुकानदाराला विचारण्यात आलं. त्याने कळतो असं सांगितलं.

रंग कळतो म्हटल्यावर कुठला, हे आलंच. त्यावरून गावात दोन पंथ पडले: हिरवे आणि तपकिरी. हिरव्यांचं म्हणणं, वसंतात खडकांवर शेवाळ असतं म्हणून झिंगा हिरवा दिसतो. तपकिरी म्हणत, झिंगा मुळात तपकिरी असतो, दिसण्याचं काय घेऊन बसलात. चर्चमध्ये दोन्ही पंथ एकाच बाकावर बसत. बाहेर पार्किंगमध्ये मात्र वेगवेगळे उभे राहत.

वेन्डेल हिरवा होता. सासरा तपकिरी निघाला.

एल्वुड रुडिसिल हे गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अर्धं गाव त्यांच्या हातून नापास झालेलं, त्यामुळे सगळे त्यांना सर म्हणत, जावईसुद्धा. त्यांच्याकडे एक जागा होती. म्हणजे नदीतली, मासे पकडायची, त्यांची एकट्याची. कुठे, ते कोणाला ठाऊक नव्हतं. ऑगस्टात पाणी उतरलं की सर एकटेच पहाटे जात आणि तृप्त चेहऱ्याने परत येत. एकही फोटो त्यांनी कधी दाखवला नाही. ज्याअर्थी दाखवत नाहीत त्याअर्थी मासे अवाढव्य असणार, असा निष्कर्ष समितीने काढला होता.

केसलर्स फोर्डमध्ये माणूस आपली जागा दोनच वेळा सांगतो. मरताना, किंवा कायमचा फ्लोरिडाला जाताना. (गावाच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही.) सर जूनमध्ये थोरल्या मुलीकडे फ्लोरिडाला निघाले होते. वारस दोन. एक वेन्डेल. दुसरा धाकटा जावई लमार झूक, जो जिवंत गांडूळ लावून मासे धरतो आणि ज्याचं नाव समितीत घेतलं जात नाही.

वेन्डेलला ती जागा हवी होती. बारा वर्षं तो त्या घरचा जावई होता आणि बारा वर्षं सर त्याच्याशी हवापाण्यावर बोलत होते. आपल्या हाती जागा दिली म्हणजे आपल्याला माणसांत धरलं, असं त्याला मनापासून वाटत होतं. हे तो कोणाजवळ बोलला नव्हता, पण डोरीनला, त्याच्या बायकोला, ते माहीत होतं.

रविवारी जेवताना सरांनी विषय काढला.

"जावईबापू, शनिवारी चला माझ्याबरोबर. एकच आमिष आणायचं."

"एकच?"

"एक. डबा नाही, खिशात लपवलेलं नाही. मी खिसे तपासतो, पस्तीस वर्षं तेच केलंय. त्या एकाने जमलं तर जागा तुझी. नाहीतर लमारची."

लमारने बटाट्याचं भांडं पुढे ओढलं आणि वाढून घेतलं. त्याची ही सवय वेन्डेलला विशेष खटके.

तो आठवडा वेन्डेलने गॅरेजमध्ये काढला. तीनशे अठ्ठ्याण्णव आमिषं (सचिव म्हटल्यावर सरासरीच्या वर असायला हवं) त्याने जमिनीवर ओळीने मांडली आणि शास्त्रशुद्ध गाळणी सुरू केली. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या वर गेलेलं, म्हणजे थंड पाण्याची बाद. नर अंड्यांवर राखण करत असणार, म्हणजे त्याला भूक नसणार, राग असणार. म्हणून भूक लावणारी बाद, राग आणणारी ठेवली. तळ खडकाळ, म्हणजे झिंगा. शनिवारी ढग येणार असं रेडिओवर होतं, म्हणून चकाकणारी बाद. शुक्रवारी रेडिओने शब्द फिरवला, म्हणून ती परत आत.

डोरीन दारात येऊन उभी राहिली.

"मला लग्नाचं विचारलंस तेव्हा इतका घोळ घातला नव्हतास."

"तेव्हा पर्याय कमी होते."

"बाबांना कुठलंही चालेल रे. तू गेलास हेच पुष्कळ."

"कुठलंही?" वेन्डेलला ते बायकोचं बोलणं ऐकवलं नाही. "डोरीन, सगळं काही आमिषावर असतं."

"बरं. मग ते लाकडी घे, ज्याची किंमत तू मला सांगितली नाहीस."

शेवटी तेच ठरलं. हाताने कोरलेला लाकडी झिंगा, तीन गळांचा, खोल जाणारा. रंग एका अंगाने हिरवा, दुसऱ्या अंगाने तपकिरी. तत्त्वाच्या बाबतीत माणसाने ताठ राहावं, पण सासऱ्याच्या बाबतीत थोडं वळावं.

शनिवारी सरांनी गाडी नदीकडे वळवली ती थेट सांडपाणी केंद्राच्या मागे. वेन्डेलच्या टेबलाजवळच्या खिडकीतून रोज दिसणारा खडक होता तो. गावात ज्याने ज्याने गळ टाकला, त्याने कधी ना कधी इथे टाकला होता.

"इथे?" वेन्डेल म्हणाला.

"त्या मोठ्या खडकाच्या डावीकडे. खोल जाऊ दे."

वेन्डेलने फेकलं. झिंगा खाली गेला, दोरी ताणली, काठी कमानीसारखी वाकली. तो पाण्यात उतरला आणि पाय रोवून ओढू लागला. सर मागे दगडावर बसून सँडविच खात होते.

"लागलाय, सर. मोठा आहे. काय वजन असेल?"

"चार टन."

वेन्डेल ओढत राहिला.

"त्याच्याशी झगडू नकोस," सर म्हणाले, "तो हिमयुगापासून तिथेच आहे."

दोरी तटकन तुटली. एकुलतं एक आमिष गेलं. वेन्डेल तसाच पाण्यात उभा राहिला. डोळ्यांपुढे त्याला लमार दिसत होता, बटाट्याच्या भांड्यासकट.

सरांनी हात पुसले आणि पुढे केला. "अभिनंदन. जागा तुझी."

"पण मासा नाही लागला."

"इथे मासा कुठला? मासे पलीकडच्या काठाला. ते लमार नेतो. इथे ही एक फट आहे, तळाशी, हातभर रुंद. दर वसंतात गाव येतं, सगळ्यात महागातलं आमिष त्यात अडकवतं आणि घरी जाऊन रंगाला दोष देतं. ऑगस्टात पाणी गुडघ्याला आलं की मी पोतं घेऊन येतो. धुतो, पुसतो, गंजले गळ बदलतो आणि सप्टेंबरात अग्निशमन दलाच्या विक्रीत मांडतो. दलाची अर्धी नवी गाडी या फटीतून निघालीय."

वेन्डेलला एक आमिष आठवलं. पिवळं, त्याच्या कुत्र्याच्या दाताची खूण असलेलं. विक्रीत ते दिसलं की त्याला नेहमी वाटे, गावात आणखी कोणाच्या तरी कुत्र्याला हीच खोड आहे. त्याने ते तीनदा विकत घेतलं होतं.

"सर, मी तुमचा जावई आहे."

"म्हणून तर तुला दहा टक्के सूट देत होतो."

वेन्डेलला राग आला. तो पुरता वर येईतो सर म्हणाले, "लमारला मी विचारणारच नव्हतो. त्याचं काही हरवतच नाही. या कामाला श्रद्धावान माणूस लागतो. बारा वर्षं बघतोय, तुझ्याइतकं मनापासून इथे कोणीच हरलं नाही."

सासऱ्याने त्याच्याबद्दल काही चांगलं बोलायची ही पहिली वेळ होती. वेन्डेलने नाक शिंकरलं आणि विचारलं, "पोतं साधारण केवढं लागतं?"

पुढच्या मंगळवारी समिती पूर्ण हजेरीने भरली. वेन्डेलने उभं राहून एवढंच सांगितलं, की जागा आपल्याला मिळाली, ती सांगता येत नाही, आणि तिथे आपल्या काठीला जे लागलं होतं ते मोजायला आपला काटा पुरला नसता. यात एक शब्द खोटा नव्हता. मग कोणीतरी विचारलं, कुठलं आमिष. त्याने सांगितलं, लाकडी, खोल जाणारं, तीन गळांचं. तेच आमिष वापरण्याचा ठराव एकमताने संमत झाला आणि सभासद सभा संपायच्या आधीच दुकानाकडे निघाले. खोल पाणी म्हटलं की गावाला तो मोठा खडकच आठवतो; केंद्राच्या मागे आता शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

वाचक म्हणतील, बिचारे अडाणी लोक, आम्ही असतो तर फसलो नसतो. मान्य आहे. इथे मासा नाही, फट आहे, हे तुम्हाला आता पक्कं ठाऊक आहे. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. दोरी तुटली त्या क्षणी खडकाच्या डावीकडे पाणी हललं. हातभर लांब काहीतरी, पाठ काळसर, एकदाच वर येऊन खाली गेलं. सर म्हणाले, फांदी असेल. असेलही. पण त्या दिवशी आमिषाची तपकिरी बाजू त्याच्याकडे होती, आणि पुरी हिरवी असती तर काय झालं असतं, हे अजून कोणी करून पाहिलेलं नाही.

तुमच्या मनात आलंच आहे, तर लाकडीच घ्या, जरा चांगल्यातलं. आणि या, पण ऑगस्टच्या आत.