गुडघ्याला बांधलेली पिशवी

कलामावशीकडून पिशवी करून घ्यायची, तर ती पुरी होईपर्यंत रोज थोडा वेळ तिच्यासमोर बांधून घेऊन बसावं लागतं. यात अतिशयोक्ती नाही. मावशी तुम्हाला हिरव्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवते, मॅक्रमचे दोर एका जाड फासात ओवते, तो फास तुमच्या गुडघ्याखाली आवळते आणि समोर पाटावर बसून गाठी मारायला लागते. प्रत्येक गाठीला तुमचा पाय जरासा पुढे ओढला जातो.

"हालू नका," मावशी दातांत दोर धरून म्हणते. "तुमी हालल्या का पिशवी वाकडी. मंग ते खांद्यावर वाकडी लटकन, अन् नाव माहं जाईन."

आमच्या आसेगावातल्या गल्लीतली बहुतेक माणसं कधी ना कधी त्या खुर्चीत बसलेली आहेत. एकदा पोस्टमन बायकोसाठी पिशवी सांगायला आला. बायको माहेरी गेलेली. मावशी म्हणाली, "चालते. तुमी बसा. नवरा-बायकोची उंची सारकीच दिसते मले." तो बसला. थोड्या वेळाने मंगरूळपीरची बस फाट्यावर हॉर्न वाजवायला लागली.

"अवं मावशी, सोड न! मले तालुक्याले जा लागते!"

"येवढी ओळ होऊ द्या."

"बस जाऊन राह्यली ना वो!"

"जाऊ द्या तिले. थे काय एकच बस हाये का दुनियेत?"

त्या वेळेला ती एकच होती. पोस्टमन खिडकीतून तिच्यामागची धूळ पाहत बसला. पिशवी मात्र अशी झाली की त्याची बायको अजून लग्नकार्यात तीच खांद्याला लावते.

मावशी अंगाने किरकोळ, पण हात बाप्यासारखे. चष्मा दोराने बांधलेला, गॅसचा लायटर दोराने बांधलेला, टीव्हीचा रिमोट दोराच्या जाळीत घालून खिळ्याला टांगलेला. उरलेला दोर फुकट जाऊ द्यायचा नाही, हा तिचा बाणा. एकदा तिने पाळलेल्या मांजरीला झालरीचा पट्टा करून घातला. तेव्हापासून ती मांजर गावात दिसली नाही.

माणसाला बांधण्याची ही पद्धत तिने कुठून आणली, असं मी एकदा विचारलं होतं. लग्नाआधी ती मंगरूळपीरला मॅक्रमच्या क्लासला जायची. क्लास भाड्याच्या खोलीत भरायचा आणि घरमालक भिंतीला खिळा ठोकू द्यायचा नाही. मग मुली समोरासमोर जोडीने बसत आणि आपला दोर समोरचीच्या गुडघ्याला बांधत. बाकीच्या मुलींनी पुढे आपापल्या घरी खिळे ठोकले. मावशीची मात्र खात्री पटली होती, की मॅक्रम म्हणजे हेच.

गल्लीतल्या एका मुलीने तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक परदेशी बाई काठीला दोर बांधून झरझर पिशवी विणत होती. मावशीने तो शेवटपर्यंत पाहिला.

"काठीले बांधून राह्यली बिचारी," ती म्हणाली. "कोनी नसन तिले."

इथपर्यंतचं ऐकून लोक हसतात. मीही हसत असे. पण मावशीच्या खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत सगळे जात नाहीत. तिथे आडव्या दोरीवर अर्ध्या राहिलेल्या पिशव्या टांगलेल्या आहेत. कोणी नंतर बसायला आलंच नाही. एक जण कामाला पुण्याला गेला, एक मुलगी लग्न होऊन गेली, एक म्हातारी वारली. मावशी त्यांत फरक करत नाही. "गेले थे. येतीन," एवढंच म्हणते. त्या पिशव्यांना ती माणसांच्याच नावांनी हाक मारते. तिन्हीसांजेला लाकडी फणी घेऊन एकेकीच्या खाली सुटलेले दोर विंचरते, गुंता काढते. दारातून पाहिलं, तर पाठमोऱ्या बायका केस मोकळे सोडून रांगेत उभ्या आहेत असं वाटतं. नवीन माणूस अशा वेळी आला, की उंबरठ्यावरून पाय मागे घेतो.

"सरका वो जरा," मावशी त्यांना म्हणते. वाऱ्याने असेल, पण त्या सरकतात.

आणखी एक गोष्ट गावात बोलली जाते. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पुढे कुठेही गेलं, तरी मध्येच गुडघ्याखाली ओढ लागते. नांदेडला दिलेली एक मुलगी माहेरपणाला आली की सांगते, दुपारची भांडी घासताना पाय आपोआप पुढे सरकतो. रात्री पायात गोळा आला, तरी आमच्याकडे म्हणतात, मावशीने गाठ मारली.

मी मंगरूळपीरच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. अशा गोष्टींना मी मान हलवत असे आणि पुस्तक उघडत असे.

माझी मोठी बहीण नलूताई माझ्याजवळ राहायची. आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, निवृत्त झाली होती. घरात बोलायचं काम तिचं, ऐकायचं माझं. निवृत्तीनंतर तिने ठरवलं, की आता खांद्याला झालरीची पिशवी लावून गाव-गाव फिरायचं. रंग जांभळा निवडला. "झालर लांब पाहिजे, मावशी. चालताना डुलली पाहिजे," असं बजावून ती खुर्चीत बसायला जाऊ लागली. आमची आणि मावशीची मधली भिंत एकच. मला आमच्या घरात दोघींची बडबड ऐकू यायची. मावशीचं एक वाक्य झालं, की ताईची दहा.

पिशवी अर्धी झाली आणि ताई आजारी पडली. वाशीमच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिचा उजवा पाय अधूनमधून चादरीखाली झटका खायचा. मी घाबरले. ती हसली. "कलामावशी ओढतेय. सांग तिला, दम धर म्हणावं, येते."

ती परत आली नाही.

दिवस-कार्य उरकलं, पाहुणे गेले. कॉलेजातून येऊन मी चहा ठेवला आणि पलीकडून मावशीचा आवाज आला.

"बसा, नलूबाई. आज उशीर केला वो."

मग ती थांबली. बराच वेळ. मग म्हणाली, "हो का? मंग काय म्हने थो डाक्टर?" पुन्हा थांबली. आणि मग मोकळी हसली.

त्या थांबण्याने माझ्या अंगावर काटा आला. तो विराम नेमका ताईच्या बोलण्याएवढा लांब होता. ताई श्वास घ्यायला जिथे थांबायची, तिथे मावशी हुंकार भरत होती. चहा उतू गेला, ते मला वासावरून कळलं.

पुढे हे रोजचं झालं. मी भिंतीशी खुर्ची घेऊन, मांडीवर पुस्तक उघडून बसायची. पान उलटत नव्हतं. भीती दोन-तीन दिवसांत ओसरली. नंतर जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं, मला मावशीचा हेवा वाटू लागला. माझ्या घरात ताईचा चष्मा होता, चपला होत्या, अर्धी राहिलेली औषधं होती. बोलणं सगळं तिकडे चाललं होतं. मी ठरवलं, पिशवी घरी आणायची. जी काही ताई त्या दोरांत उरली असेल, तिच्यावर हक्क माझा होता.

एका संध्याकाळी मी गेले. दार उघडं होतं, मावशी मागे अंगणात पाणी भरत होती. हिरवी खुर्ची जागेवर होती, रिकामी. फास समोर, बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर, खुर्चीच्या पायाला बांधलेला. जांभळी पिशवी तिथून पाटापर्यंत आलेली, दोरांची टोकं पाटाखाली दाबलेली. आणि सगळे दोर ताणलेले होते. पलीकडून कोणी ओढ घेऊन बसल्यासारखे. दोर ओला असला की आवळतो, हे मला माहीत आहे. तो ओला होता की कोरडा, हे मी हात लावून पाहिलं नाही.

"या, म्याडमबाई," मावशी मागून म्हणाली. मी दचकले.

"मावशी, ताईची पिशवी द्या."

"झाली नाई न अजून."

"जशी आहे तशी द्या."

"अशी कशी देऊ वो? खालून उघडी हाये थे. सामान सांडन सारं."

"मला सामान ठेवायचं नाही."

"मंग पिशवी कायले पायजे?"

"लवकर पुरी करा," म्हणून मी घरी आले.

पण पिशवी पुरी होईना. मी जाता-येता पाहायची, तर लांबी तेवढीच. मावशी रोज गाठी मारत होती, मला आवाज येत होता, तिचं "हालू नका" ऐकू येत होतं. तरी जांभळ्या जाळीत एकही ओळ वाढत नव्हती. मनात नको नको ते येऊ लागलं. शेवटी एक दिवस कॉलेज लवकर सुटलं, तेव्हा मी सरळ तिच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मावशीने एक ओळ पुरी केली. बोटाने चाचपली. मग चष्मा वर सरकवून स्वेटर विणायची सुई घेतली आणि तीच ओळ टोकापासून एकेक गाठ करून उसवायला लागली. शांतपणे, तांदूळ निवडावेत तशी.

मी आत गेले. "मावशी, हे काय चाललंय?"

तिने सुई पदराखाली घातली. चोरी पकडल्यासारखी. मग पुन्हा बाहेर काढली.

"पुरी झाली का त्या उठून जातीन न वो," ती म्हणाली.

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल गेली. मावशी खुर्चीकडे पाहत राहिली.

"आता कोन येते माह्याकडे बसाले? साऱ्यायच्या पिशव्या मोबाइलवर येतात. नलूबाईच येत होत्या. लोक असे कोनापाशी बसत नाईत, म्याडमबाई. बांधून ठेवा लागते."

मी विचारलं, जे मला इतके दिवस विचारायचं होतं. "ताई काय बोलते?"

"मले काय माईत?"

"तुम्ही तर हसता. हुंकार देता."

"मी माहं बोलतो अन् थांबतो," मावशी म्हणाली. "थांबा लागते ना? समोरच्याले बोलू नाई द्या लागत? त्या जेवढं बोलत तेवढं थांबतो. थोडंसं मले आठोते त्यायचं, तर हासू येते. बाकीचं रिकामंच राह्यते." जरा वेळाने म्हणाली, "तुमाले आयकू येते का काई?"

"नाही," मी म्हटलं. "भिंतीतून नाही येत."

मी खुर्चीच्या पायाचा फास सोडवला आणि बसले. मावशीने माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. काही न विचारता तिने फास माझ्या गुडघ्याखाली चढवला. तो सैल किंवा घट्ट करावा लागला नाही. खुर्ची कोमट होती. ऊन पडलं असेल, असं मला वाटलं. तिची खिडकी पूर्वेला आहे आणि दिवस कलला होता, हे मागाहून सुचलं.

पहिली गाठ बसली. पाय पुढे ओढला गेला. ती ओढ मला वाटली होती त्याहून बरीच जोरकस होती, आणि मऊ.

"आज काय भाजी केली होती?" मावशीने विचारलं, आणि थांबली.

ती थांबूनच राहिली. एवढी मोठी रिकामी जागा माझ्यासमोर कधीच कोणी ठेवली नव्हती. ताई असताना तर नाहीच. मी म्हटलं, भाजी केली नव्हती. मग म्हटलं, ताई गेल्यापासून मी धड स्वयंपाक केलेला नाही. मग म्हटलं, ताई घोरायची. इतकी, की मी कानात कापूस घालून वाचायची, आणि आता कापूस घातल्याशिवाय मला झोप लागत नाही. मावशी हसली. मलाही हसू आलं, आणि त्यासोबत जे यायचं तेही आलं. मावशीने गाठी मारणं थांबवलं नाही. मी बोलत होते.

अंधारून आलं, तेव्हा तिने ओळींवरून बोट फिरवलं. सुई पाटाजवळच पडली होती. तिने ती उचलली नाही.

"दोन ओळी वाढल्या," ती हळूच म्हणाली. "अशानं होऊन जाईन न वो पिशवी."

"होऊ द्या," मी म्हटलं.